गोंधळ कोणी घातला?

‘ऑबफस्केट’ हे इंग्रजी क्रियापद रोजच्या बोलण्यातलं नाही. इंग्लंड-अमेरिकेतही ते अग्रलेखात, संसदेतल्या भाषणात, कोर्टाच्या निकालात आणि अलीकडे संगणकाच्या धंद्यात भेटतं. भाजी घेताना कुणी ते वापरत नाही. आपल्याकडे ते स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांतून येतं. ‘कन्फ्यूज’ला समानार्थी म्हणून चार पर्यायांत ते उभं असतं, पोरं खूण करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. रिसोड तालुक्यातल्या रिठदला ते पोचलं तेही अशाच एका प्रश्नपत्रिकेतून.

त्यावरून ज्या दोघांचं जुंपलं, त्यांची ओळख थोडक्यात. मामांची उमेदीची सगळी वर्षं रिसोडच्या तहसिलीबाहेर अर्जनवीस म्हणून गेली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वाटणीपत्रं, जे पक्षकार सांगेल ते लिहायचं. आता घरचं सोयाबीन आणि तूर बघतात. भाची वाशिमला मुलांना स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवते. मामांची वऱ्हाडी मी पातळ करून लिहिली आहे. प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ आणि प्रत्येक ‘ण’चा ‘न’ लिहीत बसलो, तर पैनगंगेपलीकडच्या वाचकाला अर्थ झाकोळल्याचा आरोप माझ्यावरच यायचा.

भाची — उत्तरतालिकेत ‘कन्फ्यूज’ बरोबर धरलंय, मामा. मुलांना गुण मिळतील, पण शब्द कळणार नाही. कन्फ्यूज माणसाला करतात. ऑबफस्केट सहसा गोष्टीला करतात. मुद्दा, हिशेब, कलम, खरं काय घडलं ते. जुन्या इंग्रजीत बुद्धी झाकोळण्यासाठीही तो वापरलेला सापडतो, पण आज ‘त्यानं मला ऑबफस्केट केलं’ असं कुणी म्हटलं तर कानाला खटकतं. ‘त्यानं मुद्दा ऑबफस्केट केला’, हे बरोबर.

मामा — म्हंजे मी गोंधळलो ते वेगळं, अन् कागद गोंधळवला ते वेगळं.

भाची — अगदी. लॅटिनमध्ये ‘फुस्कुस’ म्हणजे काळपट. त्यावरून हे आलं, काळोख करणं, झाकोळणं. इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे.

मामा — अन् अंधार कराचा म्हनून शब्दही अंधारातलाच घेतला! सोपा काऊन नाई घेतला?

भाची — हा विनोद इंग्रजीच्या मास्तरांनी आधीच करून ठेवलाय. ‘बोजड लिहून अर्थ झाकू नका’ हा उपदेश ते मुद्दाम इतक्या बोजड शब्दांत करतात, की मुलांना कोश उघडावा लागतो. त्यात हाच शब्द असतो.

गोंधळाच्या इंग्रजी क्रियापदांचं गोत्र मोठं आहे, आणि प्रत्येकाची खोड वेगळी. ‘बॅम्बूझल’मध्ये फसवणूक आहे, फसवणारा थोडा मिश्कील असला तरी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द नवा होता, आणि जोनाथन स्विफ्टने 1710 साली ‘टॅटलर’मध्ये भाषा बिघडवणाऱ्या शब्दांत त्याची गणना केली होती. स्विफ्ट गेला, शब्द राहिला. ‘डिसकॉम्बोब्युलेट’ हा अमेरिकनांनी एकोणिसाव्या शतकात लॅटिनच्या थाटात गमतीने बनवलेला शब्द. माणूस विस्कटतो, त्याचं भान सुटतं, पण त्यात कुणाचं कपट नसतं. मिलवॉकीच्या विमानतळावर झडती आटोपली की बूट-पट्टा पुन्हा चढवायला जी जागा ठेवली आहे, तिच्यावर याच शब्दाला उलटा उपसर्ग लावून पाटी लिहिली आहे. ‘परप्लेक्स’मध्ये कोडं आहे, ‘फ्लमॉक्स’मध्ये उत्तर न सुचणं. ही सगळी क्रियापदं माणसाच्या डोक्यात काय झालं ते सांगतात. ऑबफस्केट मात्र कागदाकडे बोट दाखवतं, आणि कागदामागे बसलेल्या माणसाकडेही.

मराठीची तऱ्हा अशीच आहे. माणसासाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल. तो गांगरतो, बावचळतो, भांबावतो, बुचकळ्यात पडतो, चक्रावतो. गोष्टीसाठी मात्र वाक्प्रचाराकडे धाव घ्यावी लागते. धुरळा उडवणं, पाणी गढूळ करणं, मुद्दा घोळात घालणं. मामांच्या भाषेत ‘घोयात घालनं’. मामांना हा वाक्प्रचार फार पसंत पडला आणि पुढची सगळी चर्चा त्यांनी त्याच्यावरच चालवली. भाचीचा मात्र एक हट्ट होता, की घोळ घालण्यात हेतू असला तरच हे इंग्रजी क्रियापद वापरायचं. वादाची ठिणगी इथे पडली.

मामा — हेतू कोन पाह्यला? घोय झाला हे दिसते. हेतू तं पोटात राह्यते. आता पीकविम्याचंच घे. कागदावर शब्द आहे ‘उंबरठा उत्पन्न’. उंबरठा घराले असते, वावराले कायचा उंबरठा? गावात ज्याले इचारशीन तो खांदे उडवीन.

भाची — शब्द परका आहे, पण अंधार करणारा नाही. इंग्रजीत ‘थ्रेशोल्ड यील्ड’ होतं, कुणीतरी शब्दाला शब्द ठेवला. हिशेब सरळ आहे. महसूल मंडळातलं मागच्या सात वर्षांचं उत्पन्न घ्यायचं, त्यातली चांगली पाच वर्षं निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची. आपल्याकडे जोखीमस्तर 70 टक्के धरतात, म्हणजे त्या सरासरीचे 70 टक्के हा उंबरठा. समजा, सरासरी हेक्टरी 15 क्विंटल निघाली. उंबरठा साडेदहा. यंदा पीक कापणी प्रयोगात मंडळाची सरासरी 8.4 आली. घट 2.1 क्विंटलची. साडेदहाच्या मानाने ती 20 टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 धरली, तर 10,000 रुपये मिळतील.

मामा — अन् माझ्या वावरात तीनच क्विंटल झालं तं?

भाची — तरी 10,000. सरासरी मंडळाची धरतात, तुमच्या वावराची नाही.

मामा — अन् मंडळाची सरासरी अकरा आली तं?

भाची — मग काही नाही. उंबरठ्याच्या वर गेली.

मामा — आता थांब. हे तू दोन मिनिटात सांगतलं, अन् मले समजलं. मंग माझ्या पावतीवर हे काऊन नाई? माझ्या मंडळाचा उंबरठा किती, हा एक आकडा छापाले किती शाई लागते?

भाची — तो आकडा शासनाच्या कागदांत असतो. लपवलेला नाही.

मामा — तिथं असते, माझ्यापाशी नसते. पोरी, मी जिंदगीभर कागद लिहिले. ज्या कागदात आकडा असाले पाहिजे अन् नाई, तो कागद कोनाच्या सोयीनं लिहिला हे मले वास घेऊन समजते.

भाची — ती बेपर्वाई झाली. बेपर्वाईसाठी वेगळा शब्द आहे. सगळ्याच वाईट कागदांना ऑबफस्केशन म्हटलं, तर खरोखर अंधार करणाऱ्याला पकडायला आपल्याजवळ शब्दच उरणार नाही.

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 पासून चालू आहे. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, हे तिचं जुनं सूत्र बऱ्याच जणांना पाठ आहे. भरपाईचं सूत्र मात्र हप्त्याच्या सूत्रासारखं पाठ झालं नाही. पैसे घेतानाचं वाक्य छोटं आणि देतानाचं लांब, ही गोष्ट एकट्या पीकविम्याची नाही. विम्याच्या सगळ्या धंद्याची ती जुनी सवय आहे, आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. कराराच्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने ते लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरावा, असा जुना दंडक आहे. जनरल अ‍ॅश्युरन्स सोसायटी विरुद्ध चांदमल जैन या 1966 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या संदिग्ध कलमांना तो लागू होतो असं म्हटलं आहे. या दंडकात लिहिणाऱ्याचा हेतू कुणी तपासत नाही. लेखणी तुझ्या हातात होती ना, मग संदिग्धतेचा भार तू उचल, एवढंच तो सांगतो.

मामांना हे सांगितलं तर ते खूश झाले. भाचीने लगेच हरकत घेतली की दंडक लागू व्हायला दोन अर्थ निघावे लागतात, आणि ‘उंबरठा उत्पन्ना’चा अर्थ एकच आहे, तो फक्त कळत नाही. हरकत रास्त होती. न कळणं आणि दोन अर्थ निघणं यांत फरक आहे. मामांनी मोर्चा सरकारी मराठीकडे वळवला.

मामा — बरं, विमा सोड. ‘अर्ज निकाली काढण्यात आला’ हे वाच. मानूस हे पत्र घेऊन माझ्याकडे पेढे घेऊन येत होता. त्याले वाटे, निकाल लागला, काम झालं. मी सांगो, बापा, तुझा अर्ज बंद केला. अन् ‘दप्तरी दाखल’? लोकाइले वाटे, दाखल झाला म्हंजे आता चालन. दाखल झाला म्हंजे गाठोड्यात बांधून फळीवर ठेवला!

भाची — हे मात्र झकास आहे.

मामा — झकास नाई, बाई. अपिलाची मुदत पेढे वाटन्यात जात होती. अन् सगळं ‘करन्यात आलं’, ‘कळविन्यात येते’. कोनी केलं, कोनी कळवलं, पत्ता नाई. खाली सही असते ती वाचता येत नाई.

भाची — पण मामा, ते पत्र लिहिणाऱ्या कारकुनाने तुमच्या माणसाला फसवायचं ठरवलं होतं का? त्याला नमुना मिळाला, त्याच्या आधीच्याला त्याच्या आधीच्याकडून मिळाला. राजभाषेचे शब्द आपल्याकडे नेहमी वरूनच आले. आधी फारसी. मग शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सुमारे 1400 फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पुढे इंग्रजी. राज्य झाल्यावर 1960 साली भाषा संचालनालय आलं, 1962 साली पदनाम कोश निघाला. हे करणाऱ्यांना मराठी उभी करायची होती. रिठदच्या शेतकऱ्याला अंधारात ठेवायचा डाव त्यात कुणाचाच नव्हता.

मामा — डाव नसन. पन अंधार तं झाला. अन् गंमत पाय, ज्या फारसी शब्दाइले हाकललं तेच माझ्या पक्षकाराले समजत. तहसील, वसूल, अर्ज, दस्त, मुदत, रक्कम. ‘मुदत संपली’ म्हटलं की त्याचे पाय लटपटत. ‘विहित कालावधी व्यपगत झाला’ म्हटलं की तो मान डोलावे अन् च्या पीत बसे.

पदनाम कोशाची त्या काळात ‘बदनाम कोश’ म्हणून टिंगल झाली, पण त्यातले कितीतरी शब्द आज आपल्या तोंडात इतके बसलेत की ते घडवलेले आहेत हे आठवतही नाही. शब्द जुना की नवा, देशी की परका, यावरून तो अंधार करतो की उजेड, हे ठरत नाही. वापराने ठरतं. इथपर्यंत दोघांचंही एकमत होतं. मग मामांनी वाशिमचा ताम्रपट काढला, आणि मला ते अपेक्षित नव्हतं.

हा ताम्रपट वाशिमला 1939 साली उजेडात आला. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचं हे दानपत्र, त्याच्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांवर आयुष्य घातलं, त्यांत हाही लेख होता. त्याची खास गोष्ट अशी की राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष आज्ञा प्राकृतात. गाव कोणतं, ते कुणाला दिलं, त्याला कोणकोणत्या सवलती, हे सगळं प्राकृतात.

मामा — पाय, सोळाशे वर्साआधी आपल्याच जिल्ह्यातल्या राजाले अक्कल होती. स्वतःची बडेजाव संस्कृतात, अन् कामाचं ते लोकाइच्या बोलीत. बडेजाव नाई समजली तं कोनाचं बिघडत नाई. हुकूम समजला पाहिजे.

भाची — मामा, पुन्हा हेतू. तुम्ही राजाच्या पोटात शिरलात. सातवाहनांपासून दानपत्रं प्राकृतातच लिहायची रीत होती. वंशावळीला नवी संस्कृत फॅशन लागली, आज्ञेचा जुना साचा तसाच राहिला. वाशिमच्या कारकुनानेही त्याच्या आधीच्याचा नमुनाच उतरवला असेल.

मामा — असन. पन त्या नमुन्यानं उजेड पडला. अन् आताच्या नमुन्यानं अंधार पडते. मी नमुना पाहून बोलत नाई, उजेड पाहून बोलतो.

इथे मला मामांची बाजू जड वाटली. रीत म्हणून पडलेला उजेड हाही उजेडच, तर रीत म्हणून पडलेल्या अंधाराला अंधार का म्हणू नये? भाचीने मात्र उलट टोकाचं उदाहरण दिलं, जिथे झाकण्याचा हेतू उघड आहे आणि तरी दोष देता येत नाही.

भाची — महानुभावांचं काय म्हणाल? चक्रधरांनी मराठीत सांगितलं, नागदेवाचार्यांनी ग्रंथ मराठीतच व्हावेत असा आग्रह धरला, का तर सामान्य बायाबापड्यांना कळावं. आणि चौदाव्या शतकात त्याच पंथाने ग्रंथ सकळ लिपीत लिहायला घेतले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, म्हणजे पंथाबाहेरच्याला एक ओळही लागू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा लीळाचरित्रासारखा मराठीतला ऐवज जगापुढे आला. हे तर ठरवून, हेतू ठेवून केलेलं ऑबफस्केशन.

मामा — नाई. ते कुलूप झालं. कुलूप दिसते. सकळ लिपीची पोथी हातात घेतली की पहिल्या पानाले समजते, हे आपल्यासाठी नाई. ‘निकाली काढला’ वाचून मानसाले वाटते, समजलं, अन् समजलेलं नसते. लपवनं वेगळं, घोयात घालनं वेगळं.

हा फरक संगणकवाल्यांनाही पटावा. मोबाइलच्या अ‍ॅपची आज्ञावली बाजारात देण्याआधी ‘ऑबफस्केट’ करतात. आतली नावं पुसून तिथे नुसती अ, ब, क अशी अक्षरं ठेवतात, म्हणजे चोराने ती उघडली तरी कशाचा काय अर्थ हे त्याला लवकर लागू नये. सी या संगणकभाषेत जास्तीत जास्त दुर्बोध आज्ञावली लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धाही 1984 पासून आहे. दोन्हींत झाकणारा उघडपणे सांगून झाकतो, आणि वापरणाऱ्याला अ‍ॅप तसंच चालतं. धंद्याने शब्द उचलला, त्यातलं पाप मागे ठेवलं. मामांच्या कसोटीवर हा वापर सैल ठरतो, पण तो आता रुळला आहे आणि परत जाणार नाही.

आतापर्यंत दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत होती, की अंधार अवघड शब्दांनी होतो आणि उपाय सोप्या शब्दांचा. अमेरिकेने 2010 साली आणि न्यूझीलंडने 2022 साली सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचे कायदे केले, ते याच विश्वासावर. जॉर्ज ऑर्वेलने 1946 च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात राजकारण्यांच्या धूसर भाषेवर हल्ला चढवला, त्यालाही साधा शब्द हाच उतारा वाटला. मामाही तेच म्हणायला लागले होते, की सगळे कागद माझ्यासारख्या अर्जनवीसाच्या मराठीत लिहा, घोळ मिटला. तेव्हा भाचीने खरेदीखत काढलं.

भाची — मामा, तुमच्याच मराठीतला कागद घ्या. ‘माझ्या मालकीचं शेत मी राजीखुशीने तुम्हाला विकलं. रक्कम रोख भरून पावली. आजपासून ताबा दिला. माझा किंवा माझ्या वारसांचा त्यावर हक्क राहिला नाही.’ यातला कोणता शब्द रिठदमध्ये कळत नाही?

मामा — सगळे समजतात.

भाची — आणि शेत विकलेलं असतं का?

मामा — (थांबून) दर वेळी नाई.

भाची — पैसे असतात उसने. व्याज आधीच कापलेलं. शेत तारण, पण कागद गहाणाचा नाही, विक्रीचा. ‘पैसे फेडले की शेत परत करतो’ हे तोंडी. कायद्यात सशर्त विक्रीचं गहाण आहे, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 मध्ये. पण 1929 पासून त्यात अट आहे, की परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली हवी. तोंडी शर्तीने त्या दस्ताचं गहाण होत नाही. म्हणजे एकही अवघड शब्द न वापरता, व्याकरणाची एकही चूक न करता, सगळा व्यवहार काळोखात गेला. मी ऑबफस्केट म्हणते ते याला.

मामा — तसं लिहिल्या जात होतं.

भाची — कोण लिहीत होतं?

मामा — लिहिल्या जात होतं म्हंजे... पक्षकार सांगत, अर्जनवीस लिहीत.

भाची — आत्ता कर्ता आला. मघाशी तुम्हीच म्हणालात, ‘करन्यात आलं’ लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नाही.

मामा — माझ्यापुढे दोघंही येत. देनारा म्हने, विक्री लिहा. घेनारा म्हने, हो, विक्रीच. मी काय त्याइच्या घरात शिरून पाहू? अन् तुझ्याच हिशेबानं बोल. माझा हेतू होता काय? मले त्यात कागदाची लिहनावळ भेटत होती, वावर नाई. तुझा नियम लावला तं मी सुटलो.

भाची — सुटलात. माझ्या नियमाने तुम्ही सुटता, आणि कारकूनही सुटतो.

मामा — अन् माझ्या नियमानं?

भाची — तुम्हीच सांगा.

मामांनी सांगितलं नाही. त्यांचा नियम होता, हेतू बघू नका, अंधार पडला का ते बघा आणि लेखणी कुणाच्या हाती होती ते विचारा. तो लावला तर निकाल उघड होता. वादातली ही जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. दोघांचेही नियम त्यांच्याच सोयीविरुद्ध गेले. भाचीला मामांना सोडायचं नव्हतं, तिच्या व्याख्येने ते सुटले. मामांना कारकुनाला धरायचं होतं, त्यांच्या व्याख्येने ते स्वतः सापडले.

माझं मत विचाराल तर शब्दापुरती भाची बरोबर आहे. इंग्रजी लिहिताना ऑबफस्केट हे आरोपाचं क्रियापद म्हणूनच वापरावं. कोण झाकतो आणि काय झाकतो, हे बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर ‘कन्फ्यूजिंग’ म्हणून गप्प बसावं. उत्तरतालिकेतलं ‘कन्फ्यूज’ हे उत्तर परीक्षेपुरतं चालेल, पण निबंधात ‘बाजारातल्या गर्दीने मला ऑबफस्केट केलं’ असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापले असते. कठीण विषय कठीण राहिला म्हणूनही हा शब्द फेकू नये. उंबरठा उत्पन्नाचं गणित कठीण आहे, ते विचारल्यावर दोन मिनिटांत सांगता येतं. पावतीवर मंडळाचा आकडा छापायला मागितला आणि कुणी तो छापायला नकार दिला, तर त्या दिवशी हा शब्द जरूर वापरावा.

न्यायापुरते मात्र मामा बरोबर आहेत. अंधाराची किंमत ज्याला मोजावी लागते त्याला लिहिणाऱ्याच्या मनाची शुद्धता काय कामाची? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 याच वाटेने गेला आहे. त्याचं कलम 18 खरेदीखताची भाषा बाजूला ठेवून आतला व्यवहार बघतं. जमीन विक्रीने गेली, गहाणाने गेली, अदलाबदलीने गेली की भाडेपट्ट्याने, ती मुळात कर्जाचं तारण होती असं चौकशीत आढळलं, तर जिल्हा निबंधक तो दस्त अवैध ठरवून जमीन कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत करण्याचा आदेश देऊ शकतो. आपल्याकडे हे काम सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे असतं. कागदावर ‘राजीखुशीने’ लिहिलेलं असलं म्हणून चौकशी थांबत नाही. पण कायद्याला काळाची मर्यादा आहे. अर्ज पोचेल त्या दिवसापासून मागे पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीनच त्यात बसते.

रिठदला किंवा आसपास कुणाचं वावर अशा विक्रीत अडकलं असेल, तर त्यांनी खरेदीखताची तारीख काढून बघावी आणि पंधरा वर्षं भरायची असतील तर अर्ज द्यावा. पैसे दिल्याघेतल्याची चिठ्ठी, व्याज फेडल्याच्या नोंदी, साक्षीदार, नंतरही वावर कोण वाहत होतं याचा पुरावा, जे असेल ते जोडावं. अर्ज साध्या मराठीत लिहिला तरी चालतो.